बाईंची खून

ताईचं तेरावं झालं त्या संध्याकाळी मी तिच्या घरातून एक पुस्तक पिशवीत घालून शहरात, शनवाऱ्याला माझ्या घरी घेऊन आलो. पुस्तक तिचं नव्हतं, गावाच्या वाचनालयाचं होतं. तिच्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांमागे ते पडलेलं होतं आणि त्यात खूण होती: केळीच्या धाग्याची विणलेली, बोटभर रुंद पट्टी, एका टोकाला गाठ मारलेली. पुस्तक गावात राहिलं असतं तर येत्या गुरुवारच्या वाचनाला कुणीतरी ते उघडलं असतं, पुढे वाचलं असतं आणि पट्टी सरकली असती. ताईने ती ठेवली होती तिथेच राहावी, एवढंच मला हवं होतं.

घरी आणून मी पुस्तक कपाटात ठेवलं. मग वाटलं, कपाटात दमट वास येतो, म्हणून टेबलावर आणलं. टेबलावर धूळ बसते म्हणून परत कपाटात. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला एकटा माणूस. बसून वाचणं याखेरीज मला दुसरी कुठली सवय नाही. पण त्या दिवसांत बसणंच होईना. कुठलंही पुस्तक घेतलं की दुसऱ्या परिच्छेदाला मी खुर्चीतून उठलेलो असायचो. गॅसवर चहाचं आधण ठेवून शनवारा दरवाज्यापर्यंत चालत जायचो, तिथे रिक्षांच्या आणि हातगाड्यांच्या मध्ये उभा राहून आपण कशाला आलो ते आठवायचो. परत येईपर्यंत पातेलं कोरडं पडलेलं असायचं. ते पुस्तक मात्र मी एकदाही उघडलं नाही. बाहेर डोकावणारी पट्टीची गाठ तेवढी दिसायची.

आम्ही दोघं महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, पेपर मिलच्या कॉलनीत वाढलो. वडील महाराष्ट्रातून मिलमध्ये नोकरीला आलेले, त्यामुळे घरातली मराठी पुस्तकी आणि दाराबाहेर सगळी हिंदी. ताई लग्न होऊन जसोंडीच्या पुढच्या एका गावात, केळीवाल्यांच्या घरात गेली आणि तिथे तिला तिसरीच बोली भेटली. खानदेशाकडे झुकलेली, हिंदी मिसळलेली. तिथे कुणी 'काय करता' असं विचारत नाही, 'काय करून राहिले' असं विचारतात. आणि 'ण' तर जवळजवळ नाहीच. पाण्याला पानी, कोणाला कोन, आणि खुणेला खून.

वाचनालय म्हणजे पंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली आणि तिच्यापुढचा ओटा. दोन कपाटं. हिंदीचं भरलेलं, मराठीचं ताईने इकडून तिकडून मागून भरत आणलेलं. मुलांनी शेत सांभाळायला घेतलं तेव्हा खोलीची किल्ली ताईकडे आली आणि ती शेवटपर्यंत तिच्या पदराला होती. रविवारी तिथे मुलं चित्रं काढायची. परीक्षांचे अर्ज भरायला पोरं यायची. केळीच्या खोडापासून धागा काढून चटया आणि पिशव्या विणायचं प्रशिक्षणही त्याच खोलीत झालं, आणि ही पट्टी त्या प्रशिक्षणातलीच, कुणाचातरी पहिला प्रयत्न. पण गावाच्या तोंडी होता तो गुरुवार. दुपारी जेवणं उरकून बायका ओट्यावर जमायच्या आणि ताई, म्हणजे त्यांच्या 'बाई', मोठ्याने वाचायची. त्यांतल्या बऱ्याच जणींना वाचता येत होतं. तरी त्या ऐकायला यायच्या, कारण ऐकताना हात मोकळे राहतात. कुणी शेंगा सोलायची, कुणी धागा वळायची.

ताईचा नियम एकच होता. गुरुवारची खूण गुरुवारीच हलणार. मधल्या दिवसांत पुस्तक घरी न्यायचं नाही, पुढचं पान बघायचं नाही. तिच्या स्वतःच्या सुनेने एकदा विनवलं, "आई, दोनच पानं पाहते ना, झोप नाही लागून राहिली मला." ताई म्हणाली, "मग सगळ्या गावालाच नको लागू दे."

या नियमाची राखण दाराशी बसलेली एक म्हातारी करायची. सगळं गाव तिला मोठी माय म्हणतं. भिंतीला पाठ, पाय पसरलेले, आणि नजर त्या पट्टीवर. एकदा खोलीत डोळे तपासायचं शिबिर होतं. टेबल मोकळं करताना पुस्तक उचललं गेलं आणि पट्टी खाली पडली. रांगेत उभ्या असलेल्या मोठ्या मायने ती पाहिली आणि बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरवर ती कडाडली, "आमची खून कोनी काढली?"

डॉक्टर दचकून उभा राहिला. "माताजी, यहाँ किसी का खून नहीं निकाल रहे. सिर्फ आँखें देख रहे हैं."

"आँखें देखो ना मग! आमच्या खुनेला कायले हात लावला?"

तेवढ्यात रांगेतल्या दोन म्हाताऱ्या, इथे रक्त काढतात असं समजून, चपला हातात घेऊन घराकडे निघाल्या. ताईला त्यांच्या मागे गल्लीत धावावं लागलं. हे मला फोनवर सांगताना ती हसून हसून इतकी थकली की पुढचं सांगायला तिने परत फोन केला. मी मास्तरकी केली. म्हटलं, ऐकणाऱ्याने लिंगाकडे लक्ष द्यावं. 'खून सापडला' म्हटलं तर पोलीस बोलवा, 'खून सापडली' म्हटलं तर पुस्तक उघडा. ताई म्हणाली, "हे तू मोठ्या मायला येऊन शिकव." पण पुढच्या गुरुवारी तिनेच ते ओट्यावर सगळ्यांना सांगितलं, आणि म्हणे त्या दिवशी वाचन निम्मंच झालं.

ते शेवटचं पुस्तक म्हणजे एक जुनी कादंबरी. मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे ती कुणी लिहिली आणि तिचं नाव काय, हे कुणालाच माहीत नाही. शेवटचं पान जागेवर आहे एवढं पाहून ताईने वाचायला घेतली. नदीकाठच्या घरातल्या दोन जावांची गोष्ट. धाकटी काहीतरी लागट बोलते, मोठी ट्रंक घेऊन माहेरी निघते. एवढं मला माहीत होतं, कारण एका गुरुवारी मी हिंदी कपाटापाशी वर्तमानपत्र धरून बसलो होतो आणि कानावर पडत होतं. ओट्यावर दोन तट पडले होते, एक मोठीचा, एक धाकटीचा. मग ताई आजारी पडली. गुरुवार बंद झाला आणि पुस्तक तिच्याबरोबर घरी आलं.

तेराव्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाचसुनेचा फोन आला. किल्ली आता तिच्याकडे होती.

"मामा, जेवले का? काय करून राहिले?"

"काही नाही, बसलोय," मी म्हटलं. मी बसलेलो नव्हतो, खोलीत फेऱ्या घालत होतो.

"मामा, ते पुस्तक तुमच्याकडे आहे ना? बायका विचारून राहिल्या."

"बघतो."

"बघता काय, मामा! मोठी जाऊ केव्हाची नदीच्या काठावर उभी आहे. मोठी माय म्हणते, पाय सुजले असतील तिचे."

मी हसलो नाही. दुसरं पुस्तक घ्या, म्हणालो. ती म्हणाली, घेतलं होतं. दोन गुरुवार वाचून पाहिलं. कुणाचं मन लागत नाही, अर्ध्यातून उठून जातात. "आणि मामा, पंचायतचे सचिव म्हणून राहिले, गुरुवारी खोली खाली पडून असते तर फॉर्म भरण्यासाठी देऊन टाकू. एकदा दिली तर परत नाही मिळणार." मग म्हणाली, "टेन्शन नका घेऊ. पण या."

पुढच्या गुरुवारी मी पुस्तक पिशवीत घेऊन निघालो खरा. स्टँडवर जसोंडीकडची गाडी भरत होती. तिच्याकडे जाता जाता मी इच्छापुरच्या गाडीत चढलो. का, ते आजही सांगता येणार नाही. तिकीट काढल्यावरही उतरता आलं असतं. इच्छापुरला देवीच्या पायऱ्यांच्या खालीच बसलो, वर गेलो नाही. मांडीवर पिशवी. दुपार सरत होती आणि तिकडे ओट्यावर बायका येऊन बसल्या असतील, हे कळत होतं. ताईचा आवाज जिथे थांबला ती जागा माझ्या मांडीवर होती. मी तिथून पुढे वाचायला लागलो की ती जागा साधं एक पान होणार होती, मागे पडलेल्या दुसऱ्या पानांसारखं. नारळवाल्या बाईने दोनदा विचारलं, "दादा, दर्शन नाही करायचं का?" तिसऱ्यांदा विचारण्याआधी मी उठलो आणि परत आलो.

फोन आला नाही. बोलणी बसली असती तर बरं वाटलं असतं. कुणीच काही म्हणेना, तेव्हा त्याच्या पुढच्या गुरुवारी मी योग्य गाडीत चढलो.

ओटा झाडलेला होता. बायका आधीच आलेल्या. गावात मी सगळ्यांचाच मामा, माझ्याहून मोठ्या बायकांचाही. मोठी माय म्हणाली, "या मामा. मागच्या खेपेला रस्ता भुलले वाटतं." मी ताईच्या खुर्चीत बसलो नाही. स्टूल ओढलं, पट्टीला धक्का लागणार नाही अशा बेताने पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि डावीकडच्या पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"चुलीपाशी दोघी जणी बसल्या होत्या. मोठीने पीठ मळलं, धाकटीने..."

"थांबा हो, मामा," धागा वळणारी एक जण म्हणाली. "चूल कुठून आली? ती तर नदीवर उभी होती."

"नावाड्यानं नाव सोडली का मग?"

"पानी उतरलं का?"

"अन् धाकटीसंगं बसली कशी? ती तर तोंड नाही पाहणार म्हणत होती!"

मी म्हटलं, खूण इथेच आहे. भाचसून उठून माझ्यामागे आली, वाकून पाहिलं, आणि पट्टी जागेवर धरून ठेवून एकेक पान मागे उलटू लागली. मागे, आणखी मागे. बरीच पानं गेली. मग तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. नावाड्याने दोर सोडला नाही. इथं होतो आपण. इथं आईंनी पुस्तक बंद केलं."

मधली पानं तिच्या चिमटीत होती. मग मोठी माय भिंतीपासून पाठ सोडून पुढे झाली.

"म्हंजे बाई चोरून वाचत होत्या!"

ओटा एकदम हसला. "सुनेला दोन पानं नाही दिली अन् स्वतः एवढी वाचली!" "गुरुवारची खून म्हनत होत्या ना!" भाचसून हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला वाटे, गोळी घेतली, झोपल्या असतील. दार लोटून घ्यायच्या. मी बाहेर पोरांना ओरडत होते, आवाज नका करू!"

मी हसण्यात सामील झालो नाही. उठून पायरीपर्यंत गेलो, चपला घातल्या, काढल्या. इतके दिवस मी ज्या जागेची राखण केली होती तिथे ताईचा आवाज थांबलेला नव्हताच. तो नदीच्या काठावर थांबला होता आणि तिथे कुठलीही खूण नव्हती. माझ्याकडे होती ती दुसरीच जागा. तिथे ती बंद दाराआड, कुणाला न सांगता, एकटीच पोचली होती.

परत येऊन मी म्हणालो, "काठापासून वाचतो. पण ही पट्टी मी काढणार नाही."

"नका काढू," मोठी माय म्हणाली. "ती बाईंची खून. आमची वेगळी राहील." तिने शेजारणीच्या मांडीवरून वळलेल्या धाग्याचा तुकडा दातांनी तोडला आणि माझ्यापुढे धरला. "हे घ्या. अन् आता त्या मोठ्या जावेला काठावरून हलवा."

त्या दिवसापासून पुस्तकात दोन खुणा झाल्या. दर गुरुवारी मी जाऊ लागलो. सचिवांनी एकदा दारातून डोकावून पाहिलं, ओटा भरलेला दिसला आणि अर्ज भरण्याचं काम सोमवारवर गेलं. मी वाईट वाचत होतो. विरामचिन्हं सांभाळत, प्रत्येक शब्द सुटा करत. बायकांनी लपवलं नाही. "मामा, आम्ही वर्गात नाही बसलो." "बाई मोठीचा आवाज जाड काढायच्या. तुमच्या तर दोघी मास्तरीणच वाटतात." मी आवाज जाड काढून पाहिला, त्यावर लहान मुलंही हसली.

शनवाऱ्याला परतल्यावर मात्र तीच गत. दोन खुणांमधली पानं कमी होत चालली होती आणि ते माझ्या बोटांना कळत होतं. पहिल्यांदा मी घाईने वाचायचो, नंतर उगाच हळू. मधेच पाणी मागायचो. एका शब्दाचा अर्थ कुणी विचारला तर दोन उदाहरणं जास्त द्यायचो. एके दिवशी मी लवकरच पुस्तक मिटलं तेव्हा मोठी माय म्हणाली, "बाईंची खून जवळ आली म्हनून मामा ब्रेक लावून राहिले." मी म्हटलं, घसा बसलाय. ती म्हणाली, "बसू द्या. पन तुम्हीबी बसा जरा. सारखं उठता, माझ्या पायावरून जाता."

मी मनात ठरवून ठेवलं होतं. ते पान आलं की थांबायचं. पुस्तक मिटायचं, दोन शब्द बोलायचे, त्या दिवशी तिथेच संपवायचं. बोलायचे शब्दही जुळवले होते. गाडीत ते मनाशी म्हणत होतो, जसोंडीपर्यंत तीनदा बदलले.

तो गुरुवार आला. मोठी जाऊ अर्ध्या नदीतून परत फिरलेली होती, ट्रंकेसकट. का फिरली हे पुस्तक सांगत नव्हतं आणि ओट्यावर त्यावरून आदल्या गुरुवारी भांडण झालेलं होतं. घरात दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकीने भांडी घासायची, दुसरीने विसळायची, मधे एक शब्द नाही. मी वाचत होतो. शेंगा सोलायचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. पीठ मळलं, पहिली भाकरी तव्यावर पडली. "धाकटीने भाकरी उलटली, फुंकणी बाजूला ठेवली, आणि मोठीकडे न बघता म्हणाली," इथे पान संपलं. मी ते उलटलं.

"काठावर फार वेळ उभ्या होतात का हो?"

"होती तर!" मोठी माय जोरात म्हणाली. "सगळ्या गावानं पाहिली!"

हसण्यातून वाट काढत मी पुढे वाचलं. मोठी उत्तर देत नाही. मग देते. देताना तिला भलतंच काही आठवतं, लग्नातली एक गोष्ट, आणि ती सांगता सांगता भाकरी करपते. दोघींचे आवाज मी वेगळे काढतोय हे मला मागाहून भाचसुनेने सांगितलं. मी आणखी एक पान उलटलं, मग आणखी एक. धाकटी आता बोलायला लागली होती आणि थांबत नव्हती.

"मामा," दाराकडून आवाज आला. "खून पडला!"

मी चमकून वर पाहिलं. मग खाली. केळीच्या धाग्याची पट्टी माझ्या स्टुलाखाली फरशीवर होती, गाठ वर करून. केव्हा पडली होती कुणास ठाऊक. ते पान मागे जाऊन बराच वेळ झाला होता.

"पडली," मी म्हणालो. सवय.

"पडला," मोठी माय म्हणाली. "बाईंनीच शिकवलं आम्हाले. पडला म्हटलं की मानूस लवकर पाहतो." ओटा हसला, मीही. "वाचा पुढं. ती कुठं पळून नाही जात."

पट्टी उचलायला मी वाकलो नाही. पुस्तक दोन्ही हातांत होतं आणि धाकटी जाऊ अजून बोलत होती.